चौकटीत फक्त वाघ : फोटोक्लबच्या नव्या सभासदांसाठी एका हंगामाची मार्गदर्शिका

अभिनंदन. तुम्ही चंद्रपूर-गडचिरोलीच्या पट्ट्यात राहता, तुमच्याकडे कॅमेरा आहे आणि तुम्ही फोटोक्लबची वर्गणी भरली आहे. यातली वर्गणी सगळ्यात महत्त्वाची. कॅमेरा उसनाही मिळतो. आता ध्येय एकच. १९ ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिनाच्या प्रदर्शनात तुमचा वाघ भिंतीवर लागला पाहिजे आणि नावाखाली 'वन्यजीव छायाचित्रकार' असं छापून आलं पाहिजे. २०२२ च्या गणनेत महाराष्ट्रात ४४४ वाघ निघाले आणि त्यातला मोठा वाटा आपल्या जिल्ह्याचा आहे, तेव्हा कच्च्या मालाची चिंता नको. खालच्या पायऱ्या क्रमाने चढा. फोटो कसा काढावा हे या मार्गदर्शिकेत दिलेलं नाही. त्यावाचून कोणाचं अडल्याचं ऐकिवात नाही.

१. लेन्स आधी घ्या, बघायला नंतर शिका

क्लबात ज्येष्ठता वयावर ठरत नाही, मिलिमीटरवर ठरते. दोनशेवाला चहा आणतो, चारशेवाला चहा पितो आणि सहाशेवाल्याला चहाचे पैसे मागायचे नसतात. हप्त्यांवर घ्या. घरी विचारलं तर "मुलांच्या वाढदिवसाचे फोटो पण निघतील" असं सांगा. सहाशेच्या लेन्समधून वाढदिवस टिपायचा तर केक समोरच्या बिल्डिंगच्या गच्चीवर ठेवावा लागेल, हे पहिला हप्ता गेल्यावर सांगितलं तरी चालतं.

मग कपडे. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचा लष्करी वळणाचा शर्ट, तशीच टोपी, लेन्सलाही तसंच आवरण. वाघापासून लपायला हे लागतं. तुम्ही उघड्या जिप्सीत उभे असता, इंजिन धडधडत असतं, शेजारचा कुरकुऱ्यांचं पाकीट फोडत असतो. तरी लपायचं.

२. मासिक सभेत बोला, पण तीनच वाक्यं

"लाइट हार्श होता." "शटर अजून वाढवायला हवं होतं." "बॅकग्राउंड डिस्टर्बिंग आहे." या तीन वाक्यांवर लोकांनी अध्यक्षपदं मिळवली आहेत. तिसरं वाक्य विशेष घोटून ठेवा. पुढची जवळजवळ सगळी मार्गदर्शिका त्याच्यावरच उभी आहे.

त्यानंतर ताडोबाच्या वाघांची वंशावळ पाठ करा. माया, मटकासुर, वाघडोह, छोटा मटका, छोटी तारा. कोणी कोणाला कोणत्या पाणवठ्यावरून हाकललं, कोणाच्या नाकावर कसला वण आहे, हे झोपेतून उठवलं तरी सांगता आलं पाहिजे. ज्या गाईडच्या जिवावर हे सगळं दिसलं त्याचं नाव आठवलं नाही तर "आपला तो मोहर्लीचा पोरगा" म्हणा, सगळ्यांना कळतं. ऑगस्ट २०२३ नंतर माया दिसेनाशी झाली तेव्हाच्या श्रद्धांजल्या जपून ठेवा, नमुना म्हणून कामी येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये वाघांच्या गणनेसाठी पायी फिरणारी एक महिला वनरक्षक मायाच्याच हल्ल्यात गेली. तो मजकूर वंशावळीत कुठे बसवायचा हे अजून ठरलेलं नाही, म्हणून सध्या गाळतात.

३. आउटिंग ठरवा

ताडोबाचं गेट निवडताना एवढंच विचारा : "काल कुठे दिसला?" काल तो नेहमी दुसऱ्याच गेटला दिसलेला असतो. तुम्ही मोहर्ली घेतलं असेल तर कोलाऱ्याला, कोलारा घेतलं असेल तर आगरझरीला. म्हणून बुकिंग झाल्यावर विचारू नका. हंगाम मे महिन्याचा धरा. पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे, पानगळ झालेली, पाणी मोजक्या ठिकाणी. वाघाला दुसरीकडे जायला जागाच उरत नाही. चित्राखाली मात्र 'अथक प्रतीक्षेनंतर' असं लिहा.

संयोजक रात्री अडीचला ग्रुपवर "उठले का सगळे?" असं टाकेल. सर्वांनी अंगठा दाखवावा आणि पुन्हा झोपावं. गेटवर पोहोचायला उशीर झाला की दोष पोह्यांना द्या.

व्याख्यानात उपयोगी पडेल अशी एक माहिती : व्याघ्र प्रकल्पांसाठीच्या २०१२ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार कोअरचा, म्हणजे जंगलाच्या राखीव गाभ्याचा, २० टक्क्यांहून जास्त भाग पर्यटनाला देता येत नाही. म्हणजे तुम्ही जे पाहिलं तो रस्ता आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतं तेवढं जंगल. हे व्याख्यानात सांगू नका. "ताडोबा मी कोळून प्यालोय" असं सांगा.

४. जिप्सीतली वागणूक

चितळ ओरडलं की "कॉल!" असं कुजबुजा. कुजबूज पुढच्या तिन्ही जिप्स्यांना ऐकू जाईल इतकी असावी. माकड ओरडलं तर आणखी मोठ्याने. मग गाईड म्हणेल, "भाऊ, दहा मिनिटं थांबून पाहू." थांबू नका. तो इथेच लहानाचा मोठा झाला आहे आणि तुम्ही पैसे भरले आहेत. या दोन गोष्टींत अनुभव कोणता, ते ओळखा.

वाघ निघाला की चालकाला "पुढे घे, पुढे घे" म्हणत राहा. तुम्हाला हेड-ऑन, म्हणजे थेट समोरून येणारा वाघ हवा आहे. मागच्या जिप्सीतल्यांनाही तोच हवा आहे आणि समोरून येणाऱ्यांनाही. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात असंच झालं. एक वाघीण आणि तिचे बछडे मधे, जिप्स्या दोन्हीकडे. व्हिडिओ फिरला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले. नवशिक्यांनी यातून धडा घ्यावा : "पुढे घे" तुम्ही म्हणायचं असतं, निलंबन त्याचं होत असतं. तेव्हा बिनधास्त म्हणा.

फोटोत दुसऱ्यांच्या जिप्स्या येऊ देऊ नका. त्यांतले लोक फार हावरट दिसतात.

५. मागचं साफ करा

आता खरी कला. क्लबमधला नवखा माणूस वाघ शोधतो, जाणता माणूस वाघाच्या मागे काय आहे ते पाहतो आणि ते नाहीसं करतो.

स्पर्धेचा नियम समजून घ्या. फियाप, पीएसए आणि रॉयल फोटोग्राफिक सोसायटी या छायाचित्रण संस्थांनी २०१४ मध्ये 'नेचर' विभागाची एकच व्याख्या ठरवली. तिच्यात माणसाची खूण सहसा चालत नाही. शास्त्रज्ञांनी वाघाच्या गळ्यात बांधलेला रेडिओ कॉलर मात्र चालतो. चित्रातलं काही पुसायला किंवा हलवायला बंदी आहे, कडा कापायला नाही. म्हणजे खोडरबर नको, कात्री चालेल. या एका सवलतीवर आपल्या क्लबांचं अर्धं वन्यजीवन उभं आहे.

सराव करू. ताडोबात सगळ्यात देखणी पार्श्वभूमी जामणी आणि नवेगावच्या कुरणांत मिळते. मोकळं पिवळं गवत, लांब मागे झाडोरा आणि मधे वाघीण. ऐन जंगलात एवढी सपाट, उघडी जागा कुठून आली, असा प्रश्न पडत असेल तर तो पडू देऊ नका. तिथे गावं होती. वावरं होती, बांध होते, बैल बांधायच्या जागा होत्या. गावं उठून बाहेर गेली आणि वावरांवर गवत आलं. चित्राखाली 'अस्पर्श अरण्य' लिहा.

दुसरा धडा. मोहर्ली-ताडोबा रस्त्याकडेला गोंडकाळातले दगडी खांब उभे आहेत. त्यांवरून दोर ओढून, घंटा वाजवून राजाचे निरोप जात, असं गाईड सांगतो. वाघ नेमका त्या खांबाला अंग घासतो. कापा.

तिसरा धडा, जरा अवघड. ताडोबा हे नाव ज्याच्यावरून पडलं तो तारू, लोककथेप्रमाणे, गावचा प्रमुख होता. वाघाशी झुंजताना तो मेला आणि देव झाला. तलावाच्या काठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरते. म्हणजे या जंगलाची सर्वांत जुनी गोष्ट एक वाघ आणि एक माणूस अशा दोघांची आहे. नियमानुसार तिच्यातला निम्माच भाग 'नेचर'मध्ये बसतो. कुठला, ते आता तुम्हाला सांगायला नको.

एक अपवाद. निमढेल्याच्या बाजूला, रामदेगी परिसरात एका वाघाने प्लास्टिकची बाटली तोंडात धरून नेली. २०२४ मध्ये त्याचं चित्रण जगभर गेलं. त्यामुळे बाटली सध्या चालते. ती टाकणारा चालत नाही.

६. मोह आणि तेंदू : कॅमेरा बॅगेत ठेवा

मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गेटकडे जाताना रस्त्याकडेला मोहाखाली बायामाणसं टोपल्या घेऊन वाकलेली दिसतील. मे महिन्यात तेंदूपत्ता. दोन्ही कामं भल्या पहाटेची, वाकून करायची आणि वाघाच्या फिरण्याच्या वेळेची. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालजवळ तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिलांना वाघाने एकाच दिवशी मारलं.

तुम्ही वाघ दिसावा म्हणून पैसे भरता. ही माणसं तो दिसू नये म्हणून देवाला नारळ फोडतात. दोघंही एकाच रस्त्याने, एकाच वेळी जंगलाकडे निघालेले असतात, फक्त एकाच्या अंगाभोवती गाडी असते. हे चित्र फार चांगलं होईल, असं एखाद्या नव्या सभासदाच्या मनात येतं. उजेडही त्या वेळी सुरेख असतो. पण थांबलात तर गेट उघडण्याच्या रांगेत तुमची जिप्सी मागे पडेल. गाईडने त्यातल्या कोणाला हात केला, तर ती त्याची आई असू शकते. त्याला म्हणा, "चल बाबा, उशीर होतोय."

७. लोकजीवन आउटिंग

वाघ दिसला नाही त्या महिन्यात क्लब 'लोकजीवन' करतो. ठरावीक दोन चित्रं आणायची.

पहिलं : गोधूळ. संध्याकाळी गुरं परत येतात, धूळ उडते, मागून ऊन येतं. अडचण अशी की गुरं एकदाच येतात आणि क्लबात लोक वीस. म्हणून गुराख्याला विनंती करा की कळप जरा मागे नेऊन पुन्हा आण. तिसऱ्या फेरीला गायी तुमच्याकडे ज्या नजरेने पाहतील ती टिपू नका. गुराख्याच्या हातातला मोबाईल खिशात ठेवायला सांगा, पायातले स्पोर्ट्स शूज काढायला सांगा. त्याचं खरं जीवन आपल्याला हवं आहे.

दुसरं : म्हातारी. चेहऱ्यावर गोंदण, सुरकुत्या, कृष्णधवल. तिचं नाव विचारू नका, नाहीतर चित्राखाली 'टाइमलेस' लिहिता येत नाही. नाव कळलं की ती कोणाची तरी आजी होते, मग फोटोची प्रत आणून द्यावी लागते आणि तेवढ्यासाठी पुन्हा त्या गावाला जावं लागतं.

८. गडचिरोली दौरा

२६ ऑगस्ट १९८२ ला गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला, आणि क्लबाचा गडचिरोली दौरा साधारण तेव्हापासून ठरतो आहे. जवळपास सत्तर टक्के जिल्हा जंगल आहे. पण जिप्सी नाही, गेट नाही, वाघ दिसल्यावर दाखवायला दुसरी जिप्सी नाही. मग जायचं कशाला? तरी दौरा निघालाच तर काही सूचना.

पहिल्या पायरीतला ठिपक्यांचा शर्ट घरी ठेवा. तिकडे तो घातलेल्या माणसाला लोक वेगळेच प्रश्न विचारतात.

आलापल्लीजवळचं 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' पाहा. २०१४ मध्ये ते राज्यातलं पहिलं जैवविविधता वारसा स्थळ जाहीर झालं. तिथला साग इतका उंच आहे की सहाशेच्या लेन्समध्ये सालीचा एक तुकडा येतो. वाईड लेन्स कोणीच आणलेली नसते, कारण तिच्यावर ज्येष्ठता मिळत नाही. सालीचा फोटो 'अ‍ॅबस्ट्रॅक्ट' विभागात टाका.

कमलापूरच्या हत्ती कॅम्पमध्ये पायातली साखळी न येता हत्ती टिपायचा कोन शोधा. भामरागडला पर्लकोटा, इंद्रावती आणि पामुलगौतम या तीन नद्या एकत्र येतात. तिथे मावळतीला सावलीतली होडी टिपा आणि पावसाळ्यात या नद्यांच्या पुरात गाव तुटतं हे मावळतीला दिसत नाही, त्याचं समाधान माना. वाटेत सुरजागडकडून लोहखनिज घेऊन येणारे ट्रक लागतील. लाल धूळ बसली की काच वर करा. पाचव्या पायरीचा सराव इथे काचेतूनच होतो.

सिरोंच्याजवळ वडधमला जीवाश्म आहेत. कोट्यवधी वर्षं जागचे हललेले नाहीत. शटर स्पीडचा प्रश्नच येत नाही, म्हणून सभासदांना तिथे काय करावं ते कळत नाही.

९. शहर : धूर कसा वापरावा

पावसाळ्यात, जुलै ते सप्टेंबर कोअर बंद असतं तेव्हा, चंद्रपुरात हेरिटेज वॉक काढा. जटपुरा, पठाणपुरा, अंचलेश्वर, बिनबा अशी गोंडराजांच्या परकोटाची चार प्रवेशद्वारं. इको-प्रो संस्थेच्या कार्यकर्त्यांनी २०१७ पासून हा किल्ला झाडून-पुसून, झुडपं काढून मोकळा केला. श्रमदान चालू असताना क्लबाला निरोप येतो, तेव्हा कामात असा. सफाई झाली की सकाळी सातला भिंतीवर पोहोचा.

चंद्रपूरची सोनेरी सकाळ प्रसिद्ध आहे. ती कोळशाची आहे. २९२० मेगावॅटचं औष्णिक केंद्र आणि भोवतीच्या खाणी मिळून जे देतात ते विकतच्या फिल्टरला देता येत नाही. त्याला 'धुकं' म्हणा. हिवाळ्यात इरई धरणावर बदकं टिपायला जाल. ते धरण त्याच केंद्राला पाणी मिळावं म्हणून बांधलेलं आहे. केंद्राच्या चिमण्या चौकटीत येत असतील तर अर्धं पाऊल डावीकडे सरका. फुप्फुसांना असं सरकता येत नाही, पण ती स्पर्धेत उतरत नाहीत.

१०. झाडीपट्टी : जाऊ नका

दिवाळीनंतर वडसा-देसाईगंजच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात. दिवसा शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्री नाटक, ते पहाटेपर्यंत. रंगमंचापुढच्या खड्ड्यात वादक, पोती-सतरंज्या अंथरून बसलेलं गाव, बाईच्या मांडीवर झोपलेलं लेकरू, पेंगणारा म्हातारा ऐन भांडणाच्या प्रवेशाला खडबडून जागा होतो. हजारो चेहरे एकाच दिव्याच्या उजेडात. सगळं हलतं, रडतं, हसतं, आणि अंतर दहा फूट.

नवशिक्याने इथे जाणं धोक्याचं आहे. सहाशेची लेन्स चालत नाही. कापायला कडा सापडत नाही, कारण कडेलाही काहीतरी घडत असतं. रात्रभर जागलात तर सकाळची सफारी हुकते. शिवाय एकदा तिथे चांगला फोटो मिळाला की वाघाचा कंटाळा येऊ शकतो, आणि हप्ते अजून शिल्लक असतात.

११. प्रदर्शन आणि भाषण

फोटोंना इंग्रजी नावं द्या. 'द किंग', 'मदर्स लव्ह', 'इन हिज डोमेन'. एकाच वाघिणीचे एकाच पाणवठ्यावरचे एकाच सकाळचे नऊ फोटो नऊ सभासदांचे असतील. ते एका ओळीत लावू नका, प्रेक्षकांना अ‍ॅनिमेशन वाटतं. उद्घाटनाला पाहुणे बोलवा. पाहुणे 'द किंग'समोर उभे राहून स्वतःचा फोटो काढतील, तो दुसऱ्या दिवशी पेपरात येईल, त्यात तुमचा वाघ त्यांच्या खांद्यामागे धूसर दिसेल. बॅकग्राउंड डिस्टर्बिंग.

भाषणात 'संवर्धन' हा शब्द घ्या. "स्थानिकांमध्ये जागृती झाली पाहिजे" हे वाक्य ठेवाच. ते म्हणताना हॉलमध्ये स्थानिक कोणी नाही ना, एवढं पाहून घ्या. चहावाला धरायचा नाही.

शंकासमाधान

शंका : वर्षभर गेलो, वाघ दिसलाच नाही. काय करू?
उत्तर : मोरापासून सुरुवात करा. किंवा संयोजक व्हा. संयोजकाला कोणी फोटो मागत नाही.

शंका : सफारीत मोबाईलला बंदी आहे. मग स्टेटस कधी टाकू?
उत्तर : बाहेर आल्यावर. तोपर्यंत घडलेलं खरं की खोटं याची खात्री करता येत नाही, ही सगळ्यांसाठीच सोय आहे.

शंका : क्लबात आमच्याबरोबर एखादा गाईड किंवा जंगलकाठच्या गावातला मुलगा सभासद म्हणून घेता येईल का?
उत्तर : तत्त्वतः हो. अडचणी दोन. एक, त्याच्याकडे मोबाईल असतो आणि आपल्या नियमात किमान डीएसएलआर आहे. दोन, शाळेत जाताना, वावरात जाताना, दूध घालायला जाताना त्याला बुकिंग न करता वाघ दिसतो. इतर सभासदांवर हा अन्याय आहे. तोडगा काढायला उपसमिती नेमली आहे. ती मोहर्लीच्या एका रिसॉर्टवर मंगळवारी बसते, कारण त्या दिवशी गेट बंद असतं. तो मुलगा तिथेच वाढपी आहे. वाटलं तर त्याचंही मत विचारू, जेवण झाल्यावर.